गेमचं कॅरॅक्टर: घोडेमोडणीतलं काय ठेवायचं, काय सोडायचं

शिगमो, म्हणजे आपला होळीचा उत्सव, झाला की आपल्याकडे गोव्यात कोणीतरी घोडेमोडणीवाला (कमरेला लाकडी घोडा बांधून तलवार घेऊन नाचणारा) गेममध्ये घालायला घेतोच, आणि क्लायंट "जरा स्टायलिश करा" म्हणाला की त्याचा नेहमीचा सिक्सपॅकवाला हिरो होऊन बसतो. म्हणून स्केचच्या आधी ठरवून टाका काय सोडणार नाही ते.

डिचोली-सत्तरीकडे बघायला गेलात तर फोटो नंतर काढा, आधी जरा लांब उभे राहा. कमरेला बांधलेला लाकडी घोडा, त्याची पुढे आलेली मान, वर उगारलेली तलवार, डोक्यावर फुलं. आता हे सगळं काळ्या रंगाने भरा आणि 64 पिक्सेलवर आणा, तरी ओळखू येतंय ना, मग तेवढंच धरून ठेवा, नक्षीबिक्षी गेली तरी चालेल. वाल्व या गेम कंपनीने टीम फोर्ट्रेस 2 (2007) या गेममध्ये लायेंडेकर या जुन्या अमेरिकन जाहिरात-चित्रकाराकडून असंच घेतलं, म्हणजे ठसठशीत बाह्याकार आणि कडेने येणारा उजेड, त्यामुळे नऊच्या नऊ क्लास, म्हणजे खेळायची कॅरॅक्टर्स, लांबून कळतात. पुढे 2009ला त्या कॅरॅक्टर्सना घालायच्या टोप्या आल्या, 2010ला गेमातच दुकान, आणि त्या बाह्याकाराचं काय झालं ते जुन्या खेळाडूंना विचारा!

टेक्निकल अडचणीवर मात्र भांडत बसू नका. 1981च्या डाँकी काँग गेममध्ये निन्टेंडोच्या मियामोतोने मारिओला मिशी दिली कारण तेवढ्या पिक्सेलमध्ये तोंड काढता येईना, टोपी दिली कारण केस जमेनात, आणि तोच चेहरा जगभर चालला. आपल्या घोड्याची झालर खऱ्या कापडासारखी हलवायला गेलात तर स्वस्तातला मोबाइल तापणार, दोन-तीन बोन (मॉडेल हलवायची आतली हाडं) टाकून हलवा, कोणाला कळतसुद्धा नाही. आणि कोलायडर (भिंतीला वगैरे धडकतं ते अदृश्य कवच) फक्त माणसाला लावा, नाहीतर घोड्याची मान प्रत्येक दारात अडकणार.

आता पैशाचं. स्किन, म्हणजे कॅरॅक्टरची वेगवेगळी रूपं, विकायच्याच असतील तर दिवाळीतला नरकासुर घ्या, तो तसाही दरवर्षी प्रत्येक वाड्यावरची पोरं नवीन तोंडाचा करतात आणि पहाटे जाळून टाकतात, त्यामुळे पन्नास व्हरायटी काढल्या तरी खोटं वाटत नाही. वीरभद्र (शंकराचं उग्र रूप) शॉपमध्ये लावू नका असं माझं स्पष्ट मत, लोकांच्या अंगात येतो तो, त्याला सेलमध्ये अर्ध्या किमतीला काय ठेवता?

"गोरा करा, बारीक करा" हे येणारच. तोंडी वाद नको, दोन्ही व्हर्जन गेमच्या खऱ्या साइजमध्ये, दहा-बारा शत्रूंच्या गर्दीत ठेवून स्क्रीनशॉट पाठवा, बारीक केलेला त्यात सापडतच नाही आणि बहुतेक वेळा विषय तिथेच मिटतो. तरी ऐकत नसतील तर मॉडेलशीटवर (कॅरॅक्टर कसं दिसणार ते ठरवणारा कागद) लिहूनच द्या की घोडा, तलवार आणि डोक्यावरची फुलं लॉक, बाकी कपडे हवे तसे रंगवा, आणि ती शीट ॲडव्हान्स घ्यायच्या आधी मेलवर मंजूर करून घ्या.