बोटीतला पेट्रोलचा काटा चालेना? आधी तार तपासा, मग सेंडर, मीटर सगळ्यात शेवटी

मालवण-तारकर्लीकडे पावसाळाभर ताडपत्रीखाली उभी असलेली बोट हंगामाला पाण्यात उतरते, इंजिन पहिल्या चावीत सुरू होतं, पण पेट्रोलचा काटा जागचा हलत नाही. बहुतेक जण लगेच नवं मीटर मागवतात. खरं तर मीटर क्वचितच बिघडलेलं असतं. खारी हवा आणि ओल आधी तारांची टोकं खाते, त्यातही अर्थची, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडे जाणारी तार. म्हणून तपासाचा क्रम पाळा, निम्म्या वेळा एक पैशाचा सुटा भाग न घेता काम होतं. पुढची माहिती पक्की बसवलेली टाकी आणि १२ व्होल्टचं मीटर असलेल्या बोटींसाठी आहे.

सुरुवात हवा मोकळी करण्यापासून. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळाशी बिल्जमध्ये साचून राहते. सगळी झाकणं उघडा, ब्लोअर (बिल्जमधली हवा बाहेर फेकणारा पंखा) असेल तर किमान चार मिनिटं चालवा आणि बिल्जशी वाकून वास घ्या. वास येत असेल तर विजेचं कोणतंही काम करायचं नाही, आधी गळती शोधायची. टाकीवर हात घालण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह तार काढून बाजूला बांधून ठेवा.

मीटरच्या मागे तीन बोल्ट असतात: ‘आय’वर इग्निशनचा करंट, ‘एस’वर टाकीतल्या सेंडरची तार (बऱ्याच बोटींत गुलाबी), ‘जी’वर अर्थ. सेंडर म्हणजे फ्लोटच्या (पेट्रोलवर तरंगणाऱ्या तुकड्याच्या) उंचीप्रमाणे बदलणारा रेझिस्टन्स. त्याच्या दोन जाती सर्रास दिसतात. अमेरिकन पद्धतीत रिकाम्या टाकीला २४० ओहम, भरलेल्या टाकीला सुमारे ३० ते ३३. युरोपियन पद्धतीत उलट, रिकाम्याला १० आणि भरलेल्याला १८०. मीटर आणि सेंडर एकाच जातीचे हवेत. नवा सेंडर बसवल्यावर पेट्रोल भरताना काटा खाली उतरायला लागला, तर जोडी चुकली आहे असं समजा.

आता मीटर तपासा. एवढ्यापुरती बॅटरी जोडलेली हवी. चावी चालू करून मल्टिमीटरने ‘आय’ आणि ‘जी’ यांच्यामध्ये व्होल्टेज मोजा. बॅटरीइतकं, म्हणजे १२ च्या वर यायला हवं. आलं नाही तर फ्यूज, चावीचा स्विच आणि ‘जी’ची तार बघा. व्होल्टेज ठीक असेल तर ‘एस’वरची तार सोडवा. अमेरिकन मीटरचा काटा रिकाम्यावर पडला पाहिजे. मग छोट्या तारेने ‘एस’ आणि ‘जी’ जोडा, काटा भरलेल्यावर गेला पाहिजे. युरोपियन मीटरमध्ये हे दोन्ही उलटं दिसतं. काटा असा दोन्हीकडे फिरला की मीटर निर्दोष आहे, त्याला परत हात लावू नका.

पुढचा संशय अर्थवर, आणि इथे घाई करू नका. सेंडरच्या कडेच्या स्क्रूवरची काळी तार बाहेरून धड दिसते, पण लगच्या (तारेच्या टोकावर दाबलेल्या धातूच्या कडीच्या) आत तांबं हिरवं-काळं होऊन भुगा झालेलं असतं. तार हलकेच ओढून बघा, पुष्कळदा ती हातात येते. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवून सेंडरच्या अर्थपासून निगेटिव्ह तारेच्या सुट्या टोकापर्यंत रेझिस्टन्स मोजा. तो एक ओहमच्या आत हवा. गंजलेला जोड रेझिस्टन्स वाढवतो. अमेरिकन पद्धतीत त्यामुळे काटा आहे त्यापेक्षा कमी पेट्रोल दाखवतो, म्हणजे निदान सावध तरी करतो. युरोपियन पद्धतीत तोच बिघाड टाकी जास्त भरलेली दाखवतो, आणि बोट खाडीच्या तोंडाशी बंद पडते. गुलाबी तारही टोकापासून टोकापर्यंत अशीच मोजा.

खराब तार बदलायची तर कथिलाचा मुलामा असलेली, दीड चौरस मिलिमीटरची मरीन तार घ्या. लग दाबून त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवा. नळी तापवायचं काम धक्क्यावर, बोटीबाहेर उरका, टाकीजवळ लायटर किंवा हीट गन नको. सेंडरच्या मधल्या बोल्टचा नट आवळताना खालचा नट दुसऱ्या पान्ह्याने धरा. बोल्ट फिरला तर आतली बारीक तार तुटते आणि चांगला सेंडर वाया जातो.

सेंडर मोजताना गुलाबी तार सोडवून मधला बोल्ट आणि कडेचा अर्थ यांच्यामध्ये मल्टिमीटर लावा. रेंज २००० ओहमची ठेवा. २०० च्या रेंजवर २४० ओहमचा आकडा मावत नाही, स्क्रीनवर नुसता ‘१’ येतो आणि धडधाकट सेंडर तुटलेला वाटतो. बोट हलवली की आकडा थोडा बदलायला हवा. स्थिर राहिला तर सेंडर बाहेर काढा.

त्याला सहसा पाच स्क्रू असतात आणि भोकं असमान अंतरावर असल्याने तो एकाच दिशेने बसतो. टाकी अर्ध्यापेक्षा कमी भरलेली असताना काढा आणि भोक लगेच झाका. फ्लोट कानाजवळ हलवा, आत पेट्रोल खळखळलं तर फ्लोट फुटलाय. दांडी हळूहळू वर-खाली करत मल्टिमीटरकडे बघा. आकडा सलग सरकायला हवा. मध्येच एखाद्या जागी तो नाहीसा होत असेल तर आतली पट्टी झिजली आहे, तिची दुरुस्ती टिकत नाही, सेंडर बदलाच. रीड स्विचच्या (चुंबकाने चालणाऱ्या बारीक स्विचच्या) उभ्या नळीवाल्या सेंडरमध्ये आकडा टप्प्याटप्प्याने बदलतो, तो दोष नव्हे.

नवा घेण्यापूर्वी टाकीची आतली खोली काठीने मोजा. नळीवाला सेंडर खोलीपेक्षा साधारण इंचभर तोकडा हवा. दांडीवाल्याचा सांधा टाकीच्या मध्यावर यावा आणि फ्लोट आतल्या आडव्या पडद्यांना अडकू नये. पॅकिंग दर वेळी नवं आणि इथेनॉलमिश्रित पेट्रोलला टिकणारं घ्या. साधं सिलिकॉन लावू नका, पेट्रोलने ते फुगतं आणि सुटतं. स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळा. अ‍ॅल्युमिनियमच्या टाकीचे आटे जोर लावला की जातात.

जोडणी झाल्यावर पुन्हा वास घ्या, ब्लोअर चालवा, मगच चावी फिरवा. बोटीच्या टाक्या बहुधा खाली निमुळत्या असतात, त्यामुळे काटा अर्ध्यावर असताना आत अर्धं पेट्रोल नसतंच, बरंच कमी असतं. बोट पाण्यावर सपाट उभी ठेवून दर दहा लिटरला काटा कुठे येतो ते लिहून घ्या आणि तो कागद प्लॅस्टिकमध्ये घालून स्टिअरिंगजवळ चिकटवा.