जुन्या गाडीच्या एसीत नवा गॅस: या चुका टाळा

आर-१२ या गॅसवर चालणारा जुना एसी आर-१३४ए या नव्या गॅसवर आणायचा म्हटलं की बहुतेकांचा हिशेब सोपा असतो: जुना गॅस काढा, नवा भरा, झालं. खरं तर गॅस भरणं हे या कामातलं शेवटचं आणि त्यातल्या त्यात सोपं काम. महिन्याभरात कॉम्प्रेसर जाम होणं, सिग्नलला गाडी थांबली की गरम वारं येणं, दर उन्हाळ्यात गॅस गायब होणं या तक्रारी त्याच्या आधीच्या कामांत झालेल्या आळसातून येतात.

त्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: हे काम करायलाच हवं का? एसी अजून आर-१२ वर नीट गार करत असेल आणि कुठे गळती नसेल, तर त्याला हात लावू नका. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर हा गॅस टप्प्याटप्प्याने बंद झाला, कारण तो ओझोनचा थर खातो. पण सीलबंद सिस्टीममध्ये असेपर्यंत तो कुणाचं काही बिघडवत नाही. गळती झाली, कॉम्प्रेसर गेला, तेव्हा बदला. आणि उरलेला गॅस हवेत सोडू नका, रिकव्हरी मशीनने काढून घ्या.

तेलाकडे दुर्लक्ष

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. गाडीच्या एसीत तेल गॅसबरोबर फिरत राहतं आणि फिरता फिरता कॉम्प्रेसरला वंगण देतं. आर-१२ च्या सिस्टीममध्ये मिनरल ऑइल असतं आणि ते आर-१३४ए मध्ये विरघळत नाही. नुसता गॅस बदलला तर हे तेल कूलिंग कॉइलच्या तळाशी साचून बसतं, कॉम्प्रेसर कोरडा पडतो आणि आतून घासला जातो. सुरुवातीला एसी छान गार करतो, म्हणून माणूस फसतो.

नवं तेल पॅग घ्यायचं की एस्टर? जुन्या सिस्टीममध्ये मिनरल ऑइलचे आणि क्लोरीनचे अंश थोडेफार राहतातच. पॅगला ते मानवत नाहीत, एस्टर सांभाळून घेतं. त्यामुळे जुनाच कॉम्प्रेसर ठेवणार असाल तर माझं मत एस्टरकडे. कॉम्प्रेसर नवा असेल तर त्याच्या कंपनीने सांगितलेलं तेल, त्याच ग्रेडचं. दोन्ही तेलं हवेतला ओलावा ओढून घेतात, पॅग तर फारच. म्हणून उघडी राहिलेली बाटली वापरू नका.

जुनं तेल काढायला फ्लश करावं लागतं, म्हणजे आतून द्रावक सोडून धुवावं लागतं, पण कॉम्प्रेसर, ड्रायर (ओलावा शोषणारी डबी) आणि एक्सपान्शन व्हॉल्व्ह (कॉइलमध्ये गॅस मापात सोडणारी झडप) यांतून फ्लश कधीच सोडू नका. कॉम्प्रेसर उलटा करून, क्लच हाताने फिरवून तेल निथळू द्या. बाकी भागांत फ्लशचा थेंबही राहता कामा नये, नाहीतर नवं तेल पातळ होतं. सुकवायला कोरडा नायट्रोजन उत्तम.

ड्रायर बदलायचाच, तो आर-१३४ए ला चालणाऱ्या डेसिकंटचा (ओलावा शोषणाऱ्या दाण्यांचा), आणि बसवायच्या क्षणापर्यंत त्याची टोपणं उघडायची नाहीत. ओ-रिंग सगळ्या नव्या, एचएनबीआर या रबराच्या. होज जुने, तडकलेले असतील तर बॅरियर होज (गॅस झिरपू न देणाऱ्या अस्तराचे) घाला.

जुनाच कंडेन्सर आणि जुनाच पंखा

इथे दोन आकडे लक्षात ठेवा. ६० अंश सेल्सिअसला आर-१२ चा निरपेक्ष दाब सुमारे १५.३ बार असतो, आर-१३४ए चा १६.८. म्हणजे कंडेन्सर (गॅसची उष्णता बाहेर टाकणारी, रेडिएटरपुढची जाळी) तापला की नव्या गॅसचा दाब जास्त चढतो. जुने नागमोडी नळीचे कंडेन्सर आर-१२ पुरते ठीक होते, नव्या गॅसला ते उन्हात कमी पडतात. खर्च कुठे करायचा असं विचाराल तर मी सांगेन, पॅरलल फ्लो कंडेन्सर (समांतर नळ्यांचा) घ्या आणि समोर चांगला पंखा लावा. कंडेन्सर आणि रेडिएटरच्या कडेच्या फटी फोमने बुजवा. नाहीतर पंखा तीच गरम हवा पुन्हा पुन्हा ओढत बसतो. दाब फार चढला की कॉम्प्रेसर बंद करणारा हाय प्रेशर कट-ऑफ स्विच नसेल तर तोही बसवा.

थंड बाजूला गणित उलटं होतं: शून्य अंशाला आर-१३४ए चा दाब आर-१२ पेक्षा किंचित कमी असतो. ज्या गाड्यांत कॉइल गोठू नये म्हणून दाबावर चालणारा स्विच किंवा व्हॉल्व्ह असतो, त्यांची सेटिंग थोडी खाली आणावी लागते. हे राहून गेलं तर सगळं बरोबर असूनही गारवा कमी वाटतो.

घाईचा व्हॅक्यूम, अंदाजाचा गॅस

व्हॅक्यूम हवा काढायला असतो तसाच पाणी काढायलाही. २५ अंशाला पाणी उकळायला दाब सुमारे ३२ मिलिबारच्या खाली जावा लागतो. दहा मिनिटं पंप लावून हे साधत नाही. किमान पाऊण तास चालवा, मग व्हॉल्व्ह बंद करून काटा हलतो का ते पाहा. आणि गळती शोधायला सिस्टीममध्ये हवा भरू नका: दाबाखाली हवा आणि आर-१३४ए यांचं मिश्रण पेट घेऊ शकतं.

गॅस वजनावर भरा, आर-१२ च्या मूळ वजनाच्या ८० ते ९० टक्के. ड्रायरवरच्या काचेत बुडबुडे दिसेनासे होईपर्यंत भरत राहणं ही जुनी सवय इथे घात करते. आर-१३४ए मध्ये प्रमाण बरोबर असतानाही बुडबुडे दिसू शकतात. इंजिन चालू असताना हाय साइडचा (जास्त दाबाच्या बाजूचा) व्हॉल्व्ह उघडू नका, गॅसचा कॅन फुटू शकतो.

तरीही गार होत नसेल तर

आधी गाडी बंद आणि पूर्ण थंड असताना गेज लावा. ३० अंशाला दोन्ही काटे सुमारे ९७ पीएसआयवर हवेत. बरेच वर असतील तर आत हवा राहिली आहे किंवा गॅसची भेसळ आहे. पुन्हा व्हॅक्यूम करण्याला पर्याय नाही.

चालू गाडीत गार आणि उभ्या गाडीत गरम असेल तर कंडेन्सरवर पाणी मारून बघा. हाय साइडचा दाब झरकन उतरला आणि गारवा वाढला, तर दोष बहुधा हवेच्या प्रवाहाचा. दोन्ही दाब कमी असतील तर गॅस कमी. थोडा वेळ गार, मग एकदम बंद, जरा थांबून पुन्हा गार, आणि बंद पडताना लो साइड (कमी दाबाची बाजू) व्हॅक्यूममध्ये जात असेल, तर ओलावा एक्सपान्शन व्हॉल्व्हमध्ये गोठतोय. आणि हो, हीटरचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद होतो का तेही पाहा. कित्येकदा एसी निर्दोष असतो आणि शेजारून गरम पाणी वाहत असतं.

गळती थांबवणारं सीलंट टाकू नका, त्याने रिकव्हरी मशीनही खराब होतं. एलपीजीसारख्या ज्वलनशील मिश्रणाचा ‘थेट चालतो’ म्हणून मिळणारा गॅस घेऊ नका: कॉइल डॅशबोर्डखाली असते, गळती तुमच्या पायाशी होते. नव्या गाड्यांतला आर-१२३४वायएफ जुन्या गाडीत घालण्यातही मला अर्थ दिसत नाही. तो महाग आहे, थोडाफार पेटणारा आहे आणि त्याने गारवा वाढत नाही.

काम झालं की नव्या गॅसचे सर्व्हिस फिटिंग पक्के बसवा आणि बॉनेटखाली लेबल चिकटवा: गॅस कोणता, किती ग्रॅम, तेल कोणतं, किती. पुढचा मेकॅनिक जुनी गाडी बघून आर-१२ समजेल, त्याला वाचायला काहीतरी हवं.