घरात रेंज मिळत नाही? बँडच्या बाबतीत या चुका टाळा

भावाने बाहेरच्या देशातून फोन मागवला, स्वस्तात मिळाला म्हणून घर डोक्यावर घेतलं आणि आठवड्याभरात रडगाणं सुरू, गॅलरीत रेंज फुल पण आतल्या खोलीत आलं की नो सर्व्हिस. सगळ्यांनी मिळून सिमवाल्यांना शिव्या घातल्या. मग मी त्याचं सिम काढून माझ्या जुन्या, काच तडकलेल्या फोनमध्ये टाकलं, त्याच पलंगावर बसून, आणि कॉल लागला की! म्हणजे टॉवर ठीक, सिम ठीक, घोळ त्याच्या फोनातच. ही अदलाबदल आधी करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे, शिव्या नंतर घालता येतात.

झालं होतं काय, तर फोन आणि टॉवर ठरावीक फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यांवरून बोलतात, त्या प्रत्येक पट्ट्याला बँड म्हणतात; आमच्या भागात घराच्या आत पोचतो तो बँड २८, म्हणजे ७०० मेगाहर्ट्झ. भावाच्या फोनात बँड ३ (१८००) होता, ७ (२६००) होता, २८ नव्हताच. फ्रिक्वेन्सी जितकी कमी तितकी ती भिंतीतून जास्त आत येते आणि कोपऱ्यावरून वळतेही बरी, म्हणून बाहेर १८०० किंवा २६०० वर सगळं झकास चालतं आणि आत आलं की खेळ खल्लास.

सगळ्यात मोठी चूक इथेच होते, बॉक्सवर ५जी लिहिलंय म्हणजे सगळीकडे चालणारच असं धरून चालायचं. एकाच नावाचा फोन वेगवेगळ्या देशांसाठी वेगळ्या मॉडेल नंबरने निघतो आणि त्यातले बँडही वेगळे असू शकतात. त्यामुळे नुसतं नाव नाही, पूर्ण मॉडेल नंबर घेऊन बँडची यादी बघा आणि ती तुमच्या ऑपरेटरच्या बँडशी जुळवा, त्यातही १००० मेगाहर्ट्झच्या खालचे आधी. आणि ८०० काय नि ८५० काय, सारखंच, असं अजिबात नाही हं. युरोपातला बँड २० हा ८०० चा, बँड ५ हा ८५० चा, एक असला म्हणून दुसरा चालत नाही. अपडेट आला की बँड वाढेल ही आशाही सोडा, अँटेना आणि फिल्टर फोनाच्या आत बसवलेले असतात, ते अपडेटने कुठून येणार?

दुसरं म्हणजे दांड्या मोजणं. किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या हे प्रत्येक कंपनी आपल्या मनाने ठरवते, त्यामुळे दोन फोनांच्या दांड्यांची तुलना करण्यात काही अर्थ नाही. अँड्रॉइडमध्ये सेटिंगमधल्या फोनच्या माहितीत सिम स्टेटस उघडा, तिथे डीबीएम, म्हणजे सिग्नलची ताकद मोजणारा आकडा, दिसतं (आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल करा). आकडा उणे असतो, ४जीत -८५ च्या आसपास मस्त, -११० च्या खाली रडतखडत. १० चा फरक म्हणजे सिग्नल दहापट कमी, थोडासा नाही. आणि सिग्नल कमी की फोन जोर लावून बोंबलतो, म्हणून त्या खोलीत बॅटरीही भराभर उतरते.

आकडा बघत घरभर फिरा. खिडकी बंद करून एकदा, उघडून एकदा. उष्णता अडवणाऱ्या काचेवर धातूचा पातळ थर असतो, तो सिग्नलही अडवतो, त्यामुळे बंद खिडकीला चिकटून उभं राहण्यात कधीकधी काहीच हशील नसतं. धातूचं कव्हर असेल तर काढून बघा.

कुठलातरी व्हिडिओ बघून गुप्त मेनूत जाऊन फोन ५जी-ओन्लीवर टाकू नका, बऱ्याच नेटवर्कवर कॉल अजून ४जीवरूनच जातो, मग कॉलच बंद. ५जीचा एन७८ हा ३५०० च्या आसपासचा बँड, भिंतीपुढे तो लगेच दमतो. घरात फोन सारखा ५जी-४जी करत असेल तर सरळ ४जीवर ठेवा.

फोनच्या मागे चिकटवायचे ते बूस्टर स्टिकर म्हणजे शुद्ध थापा. भिंतीवर लावायचा रिपीटर, म्हणजे सिग्नल पकडून वाढवून पुढे पाठवणारा डबा, खरंच काम करतो, पण बऱ्याच देशांत परवानगीशिवाय लावणं बेकायदा आहे कारण तो टॉवरकडे नको असलेल्या सिग्नलचा कचरा पाठवून आजूबाजूच्यांचीही रेंज बिघडवू शकतो. त्यापेक्षा घरात वायफाय असेल तर वायफाय कॉलिंग चालू करा, फुकटचा इलाज आहे.

फक्त ऑपरेटरने तुमचं मॉडेल मान्य केलेलं नसेल तर तो पर्याय फोनात दिसतच नाही. भावाच्या फोनात दिसला नाही. सध्या त्याचा फोन गॅलरीतल्या खुर्चीवर असतो आणि रिंग वाजली की हा आतून पळत सुटतो.