खारवलेल्या कैरीची बरणी

त्या वर्षी खारवलेल्या कैरीची बरणी मी एकटीने संपवली, तेव्हा सासूबाईंना वाटलं, गोड बातमी आहे. चव्वेचाळिसाव्या वर्षी कसली गोड बातमी! वजन नऊ किलो उतरलेलं, फळ्यावर खाली वाकून लिहून उठले की अंधारी. अशक्तपणा म्हणून सलाइन लावायचे आणि दोन दिवस खरंच बरं वाटायचं, कारण अंगाला हवं असलेलं मीठच त्यातून मिळत होतं. तळहाताच्या रेषा काळ्या पडल्या, त्या उन्हाच्या नावावर गेल्या. पण ऊन हिरड्यांना कसं लागेल?

सोडियम कमी आणि पोटॅशियम जास्त निघालं. सकाळी आठचं कॉर्टिसॉल, म्हणजे अ‍ॅड्रिनल ग्रंथींचं संप्रेरक, २ मायक्रोग्रॅम/डेसिलिटर. हा आकडा ३ च्या खाली असला की अ‍ॅडिसनचा, म्हणजे या ग्रंथी निकामी होण्याच्या आजाराचा, संशय दाट. मध्येच घुटमळला तर इंजेक्शन देऊन ग्रंथी जागी होते का, ते बघतात. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या माझ्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी कॉलेजातल्या टीबीने खाल्ल्या होत्या. (टीबीचं औषध रिफॅम्पिसिन चालू असेल तर हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे कॉर्टिसॉलची भरपाई करणारी गोळी, शरीरात लवकर संपतं, डोस वाढवावा लागतो. डॉक्टरांना आपणहून सांगा.)

गुडघेदुखीच्या पुड्या घेणाऱ्यांनीही कान द्या. त्यांत बरेचदा स्टेरॉइड असतं. महिनोन्‌महिने घेऊन एकदम बंद केलं तर आपली ग्रंथी झोपलेलीच राहते आणि कॉर्टिसॉल असंच कमी पडतं. तिथे हिरड्या काळ्या पडत नाहीत, म्हणून ओळखणं आणखी अवघड.

मी उठल्याबरोबर, चहाआधी, हायड्रोकॉर्टिसोन १० मि.ग्रॅ. घेते, दुपारी ५, चारच्या सुमारास २.५. उशीर केला तर रात्रभर पंखा मोजायचा. मीठ धरून ठेवायला सकाळी फ्लुड्रोकॉर्टिसोन. तुमचा हिशोब तुमचे डॉक्टर ठरवतील, पण गोळी उपासालाही चुकवायची नाही.

ताप १००.४ च्या वर गेला की हायड्रोकॉर्टिसोन दुप्पट, १०२ च्या वर तिप्पट, उतरेपर्यंत. हे मला लिहून दिलंय, तुम्हीही लिहून घ्या. खरी भीती उलटीची. गोळी पडली तर पुन्हा घ्यायची. तीही पडली तर सकाळची वाट बघायची नाही. हायड्रोकॉर्टिसोन १०० मि.ग्रॅ.चं इंजेक्शन मांडीत, आणि थेट हॉस्पिटल. ह्यांनी नर्सबाईंकडून ते टोचायला शिकून घेतलं.

गणपतीत एकदा घरातलं इंजेक्शन मुदत संपलेलं निघालं. कॅज्युअल्टीतले डॉक्टर ‘अ‍ॅसिडिटी’ म्हणत होते, मला बोलताही येत नव्हतं. ह्यांनी माझं स्टेरॉइड कार्ड (आजार आणि तातडीचं इंजेक्शन लिहिलेलं) पुढे धरलं, तेव्हा कुठे धावपळ सुरू झाली. त्याची झेरॉक्स आता ह्यांच्या पाकिटात आहे, आणि एक शाळेत, मुख्याध्यापकांच्या टेबलावरच्या काचेखाली.