सातवा लागलाय ना, मग आधी दुधाचं बघ

धाकट्या जावेला सातवा लागला आणि परवा तिचा फोन, "ताई, हॉस्पिटलच्या बॅगेत काय काय भरू?" बॅग! सगळ्यांना बॅगच सुचते. अगं बॅगेत काही राहिलं तर भावजी अर्ध्या तासात आणून देतील, तुळशीबागेत झबली-टोपडी-दुपटी ढिगाने मिळतात. जे रात्री दोनला कुठल्याही दुकानात मिळत नाही ते आधी करायचं असतं आणि तेच मी केलं नव्हतं. म्हणून तिच्यासाठी लिहायला बसले, बाकी कुणाला उपयोग झाला तर वाचा.

तर ते काय, ते पहिलंच सांगते. बाळाला अंगावर पाजायला शिकवणारी बाई, म्हणजे लॅक्टेशन कन्सल्टंट, आत्ता शोधायची. बाळ झाल्यावर नाही, आत्ता. मी सहा रविवार क्लासला गेले होते, श्वास, कळा, पोझिशन सगळं वहीत लिहून घेतलं, आणि शेवटचा रविवार जो पाजण्याचा होता त्याच दिवशी माझं डोहाळजेवण. झोपाळ्यावर बसून फुलांचे दागिने घालून वाटीखाली पेढा निघतो का बर्फी हे बघत होते. म्हणलं पाजायचं काय शिकायचं, ते तर आपोआप येतं, आईला आलं, आजीला आलं.

नाही येत. म्हणजे काहींना येतं, मला नाही आलं. चौदा तास कळा देऊन सीझर झालं, दुसऱ्या रात्री चिऊ रडून रडून लाल, नाइटची सिस्टर म्हणाली दूध नाहीये तुम्हाला, वरचं सुरू करा, आणि मी मान डोलावली कारण मला माहीतच नव्हतं की पहिले दोन-तीन दिवस नुसता चीक येतो, तो चमचाभरच असतो आणि बाळाचं पोटही तेवढंच असतं. खरं दूध तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरतं, सीझरला कधी अजून उशिरा. चौथ्या दिवशी उतरलं तेव्हा छाती दगडासारखी, ताप, निपलला चिरा, आणि चिऊला तोवर बाटलीची सवय. आई (आपल्या सासूबाई) बिचाऱ्या अळिवाची खीर करून करून दमल्या. नवव्या दिवशी एक ताई घरी आल्या, वीस मिनिटं बघितलं आणि म्हणाल्या बाळ नुसतं निपल चोखतंय, तोंड मोठं उघडू दे आणि सभोवतालचा काळा भाग पण तोंडात जाऊ दे. बास, एवढंच! या एवढ्यासाठी मी नऊ दिवस रडले.

म्हणून आठव्या महिन्यात त्यांच्याकडे एकदा जाऊन ये. निपल चपटे आहेत का ते बघतात, धरायचं कसं ते बाहुलीवर दाखवतात. विचार की हॉस्पिटलमध्ये येता का, रविवारी येता का, फोन उचलता का. हॉस्पिटलला स्वतःची आहे म्हणाले तर विचार, रात्री असते का. मला "आहे" सांगितलं होतं. होती, सोमवार ते शुक्रवार, दहा ते पाच. चिऊ शनिवारची.

आता क्लास. पुण्यात गर्भसंस्काराचे क्लास गल्लोगल्ली आहेत, जायचं तर जा, मंत्र ऐकून बरं वाटतं, पण कळा कशा येतात, किती वेळ चालतं, सीझर कधी लागतं हे तिथे शिकवतात का ते आधी विचार. नसतील शिकवत तर बाळंतपणाचा वेगळा क्लास लाव, फिजिओथेरपिस्ट घेतात किंवा हॉस्पिटलचाच असतो. आणि भावजींना घेऊन जा. घेऊनच जा, ऑफिसचं कारण चालणार नाही. आमचे हे एकदाच आले आणि मागे बसून मेल बघत होते, मग लेबर रूममध्ये माझी पाठ चोळायची सोडून मॉनिटरकडे बघत उभे. डुला ठेवायची असेल तर ठेव, पण ती नर्स नाही, तपासणार नाही, धीर देणार, पाठ दाबणार, कसं बसायचं ते सांगणार. परवडत असेल तर छानच.

डॉक्टरांना पुढच्या व्हिजिटला कागदावर लिहून नेऊन विचार, तिथे गेलं की आपण सगळं विसरतो आणि बाहेर वीस जणी बसलेल्या असतात. एपिड्युरल, म्हणजे कळा कमी जाणवाव्यात म्हणून पाठीत देतात ती भूल, हवी असेल तर मध्यरात्री भूलतज्ज्ञ येतात का. कळांच्या वेळी आत कोण थांबू शकतं. (सरकारच्या 2017 च्या लक्ष्य या लेबर रूम सुधारण्याच्या कार्यक्रमातही सोबतीची व्यक्ती धरलेली आहे, तेव्हा काहीतरी विचित्र मागतोय असं वाटून घेऊ नकोस.) बाळ झाल्या झाल्या छातीवर देणार का आणि पहिल्या तासात पाजायला देणार का, सीझर झालं तरी? हा प्रश्न विसरलीस तर मी चिडेन. तुझा ब्लडग्रुप निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनचं पण विचार.

तुझी तारीख गणपतीत आहे, हे कुणाच्या लक्षातच आलेलं नाही! विसर्जनाला लक्ष्मी रोड, टिळक रोड बंद, मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, तेव्हा पेठांमधून न जाणारा रस्ता भावजींनी आधी एकदा गाडी घेऊन बघून ठेवायचा. गाडीचं काही झालं तर 108.

निघायचं कधी तर पाच-पाच मिनिटांनी कळ, एक मिनिट टिकणारी, आणि असं तासभर. पण पाणी गेलं, रक्त गेलं, बाळाची हालचाल कमी वाटली, डोकं खूप दुखून डोळ्यापुढे अंधारी आली तर असलं काही मोजत बसायचं नाही, सरळ निघायचं.

कागद: फाइल, सोनोग्राफी, आधार, मेडिक्लेमचं कार्ड. प्री-ऑथचा, म्हणजे इन्शुरन्सची आधी मंजुरी घ्यायचा फॉर्म आधीच भरून टाक आणि पॉलिसीत मॅटर्निटीचा वेटिंग पिरियड संपलाय का बघ. ऑफिसची रजा 26 आठवडे, त्यातले आधी जास्तीत जास्त 8 घेता येतात, एचआरला मेल टाक.

घरी आल्यावर: मालिशवाल्या मावशी आधी ठरव, चांगल्या बायका दोन-दोन महिने बुक असतात. सीझर झालं तर पोटाला हात लावायच्या आधी डॉक्टरांना विचार. डिंकाचे लाडू मी आणते. पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा तरी लंगोट ओले होताहेत का मोज, होत असतील आणि वजन भरत असेल तर दूध पुरतंय, कुणी काही म्हणो. होत नसतील तर फोन, कुणाला ते कळलं असेलच आता. जन्माची नोंद 21 दिवसांत, हॉस्पिटल पाठवतं पण नावांचं स्पेलिंग तपास.

मध चाटवायचा नाही, वर्षाच्या आत अजिबात नाही, गुटीचंही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. तो विषय निघाला की मला मिस्ड कॉल दे, आईंशी मी बोलते.