हॅम रेडिओवरनं निरोप पुढं कसा पाठवायचा

२०१९च्या पुरानंतर सांगलीत बरेच जण विचारतात, हॅम रेडिओचा, म्हणजे टॉवरशिवाय चालणाऱ्या हौशी लोकांच्या वायरलेसचा सेट घेतला की झालं ना? नाही झालं. आधी परीक्षा देऊन लायसन काढा, व्हीयूनं सुरू होणारं कॉलसाइन, म्हणजे हवेतलं तुमचं नाव मिळेल, मग बोला.

हातातला २ मीटर बँडचा सेट साधारण नजर पोचते तिथवरच चालतो, म्हणून गल्लीत उभं राहून घसा फोडण्यापेक्षा दंडोबाच्या डोंगरावर एक ऑपरेटर बसवा, तो दोन्हीकडचं ऐकून पुढं सांगेल. लांबसाठी ४० मीटर बँड, म्हणजे ७ मेगाहर्ट्झ. अँटेना म्हणून दोन्ही बाजूला १०-१० मीटर तार, गच्चीवर बांबूला बांधली तरी दिवसा सातारा, पुणे निघतं. रात्री मात्र बऱ्याचदा सातारा गायब आणि दिल्ली शेजारी बसल्यागत! तेव्हा साताऱ्याचा हट्ट सोडायचा, दोघांनाही ऐकू येणारा कुणीतरी लांबचा गाठायचा आणि 'क्यूएसपी' म्हणायचं, म्हणजे माझा निरोप पुढं दे. सांगलीचा कागद दिल्लीवरनं साताऱ्याला गेला तर जाऊ दे की.

आता खरं काम. निरोप तोंडी कधीच घेऊ नका, कागदावर लिहा. वर नंबर, कुणाकडनं, कुणाला, वेळ आणि शब्द किती ते. हे शब्द मोजणं मला आधी कारकुनी वाटायचं. मग एका सरावात निरोप होता "जेवण नको प्यायचं पाणी पाठवा", पाच शब्द. खरखरीत माझं 'नको' गळालं, मी चारच लिहिले, न मोजता पुढं ढकलले आणि तिसऱ्या स्टेशनला जेवणाची ऑर्डर गेली. मोजलं असतं तर तिथंच थांबलो असतो.

म्हणून सावकाश, तीन-तीन शब्द सांगा, समोरच्याकडनं सगळं परत वाचून घ्या. भाषा सुधारायला जाऊ नका, चूक वाटली तरी आहे तसंच पाठवा, शंका असेल तर मागं विचारा. आकडे सुटे बोला. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पाणीपातळी सांगताना एकोणचाळीस आणि एकोणपन्नास खरखरीत सारखेच वाटतात, आणि धोक्याची पातळी ४५ फूट, म्हणजे एक आकडा अलीकडचा, एक पलीकडचा. "तीन नऊ" म्हणा, "चार नऊ" म्हणा. समोरनं 'क्यूएसएल', म्हणजे निरोप मिळाला, असं आलं की कागदावर वेळ टाका, तोवर कागद टेबलावरच.