‘प्रिन्स’च्या घरगुती लेव्हलवर अभिप्राय कसा लिहावा

जून उजाडला की मालवणात माझ्या दुकानाला उसंत मिळते. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी, सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या वर ओढून शाकारलेल्या, पर्यटकांचं नाव नाही. सकाळी दाखल्यांच्या झेरॉक्स आणि दमट हवेने अडकलेले एखाद-दोन कीबोर्ड, एवढंच काम. दुपारनंतर मी माझा आवडता उद्योग काढते. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’साठी चाहत्यांनी घरी बसून केलेल्या लेव्हल, म्हणजे खेळाचे नवे टप्पे, खेळायच्या आणि करणाऱ्याला सविस्तर अभिप्राय लिहून पाठवायचा.

हा खेळ जॉर्डन मेकनरने अ‍ॅपल टू संगणकासाठी केला, १९८९मध्ये. १९९०मध्ये तो डॉसवर, म्हणजे तेव्हाच्या पीसीवरच्या प्रणालीवर आला आणि आमच्याकडे फ्लॉपीवरून फ्लॉपीवर पसरला. कुडाळच्या क्लासात सर चहाला गेले की आम्ही तो लावायचो. साठ मिनिटांत राजकन्येपर्यंत पोचायचं, सुरुवातीला तीन जीव. त्याच्या लेव्हल अजूनही लोक करतात, कारण मांडणी साधी आहे: एका लेव्हलमध्ये जास्तीत जास्त २४ खोल्या, प्रत्येक खोली १० चौकटी रुंद आणि ३ मजल्यांची. म्हणजे ७२० चौकटी. तेवढ्यात एखादा माणूस महिनोन्‌महिने रमतो आणि शेवटी त्याला ऐकायला मिळतं ‘मस्त’ किंवा ‘बोअर’. दोन्हींतून त्याच्या हाती काही लागत नाही. अभिप्राय असा हवा की वाचल्यावर त्याने एडिटर, म्हणजे लेव्हल रचायचं अवजार, उघडावा आणि थेट त्या चौकटीवर जावं. मी कसं करते ते सांगते.

लागतं फारसं काही नाही. एसडीएल-पॉप, म्हणजे चाहत्यांनी डॉसच्या आवृत्तीचा कोड उलगडून आजच्या संगणकासाठी नव्याने उभा केलेला खेळ. डॉसबॉक्समध्ये, म्हणजे डॉसचे जुने खेळ आजच्या संगणकावर चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, मूळ खेळ. आणि गणिताची चौकटींची वही. वही विसरू नका. दहा चौकटी आडव्या, तीन उभ्या, अशी खोली वहीत आपोआप बसते.

पहिला नियम म्हणजे एडिटर उघडायचा नाही. मोह होतो, कारण उघडला की सगळा नकाशा समोर. पण एकदा नकाशा पाहिला की पहिल्यांदा खेळणाऱ्याची नजर गेली, ती परत येत नाही. कुठल्या दाराचं बटण, म्हणजे पायाने दाबली जाणारी फरशी, कुठे आहे हे माहीत असताना ती खोली अवघड आहे की नुसती फसवी, हे तुम्ही ठरवूच शकत नाही. म्हणून पहिली खेप कोऱ्या मनाने, फसवे कोड न वापरता. एसडीएल-पॉपमध्ये एफ-६ दाबून मध्येच खेळ जतन करता येतो आणि एफ-९ने तिथे परत येता येतं. पहिल्या खेपेला तेही नको. मेल्यावर सुरुवातीपासून परत यायला किती कंटाळा येतो, हीसुद्धा लेव्हलबद्दलची माहितीच आहे.

या खेपेला मी दोनच गोष्टी लिहिते: कुठे मेले आणि कुठे थांबले. खोल्यांचे खरे नंबर अजून माहीत नसतात, म्हणून दिसतील तशा खोल्या वहीत काढत जाते आणि मेले तिथे फुली मारते. फुलीशेजारी एक शब्द, ‘दिसलं’ किंवा ‘नाही दिसलं’. सुळे जमिनीतून वर येताना दिसले, कात्रीचा जबडा उघडझाप करताना दिसला आणि तरी मी घाईने धावत गेले, तर चूक माझी. सुळ्यांतून सावकाश पावलं टाकत गेलं की काही होत नाही, हे खेळणाऱ्याला माहीत असायला हवं. पण खोलीच्या कडेवरून उडी मारायला लावली आणि पलीकडच्या खोलीत, जी अजून पडद्यावर आलेलीच नाही, तिथे सुळे, तर ते ‘नाही दिसलं’. एका लेव्हलमध्ये असं एखादं असेल तर मी चालवून घेते. तिसरं आलं की लिहिते.

सिंधुदुर्गाचा दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत कळत नाही. दोन बुरुजांच्या वळणात तो असा दडवला आहे की होडीतून बघणाऱ्याला नुसती तटबंदी दिसते. लेव्हल करणारी पोरं हे मला अभिमानाने ऐकवतात, की बघा, दडवण्यातच कौशल्य. खरं आहे, पण किल्ल्याचा दरवाजा शत्रूसाठी दडवला होता. खेळणाऱ्याला तुम्ही स्वतः आत बोलावलं आहे. त्याला वळण दिसलं पाहिजे, दरवाजा उशिरा दिसला तरी चालेल.

आता ‘अशक्य’ या शब्दाविषयी. हा शब्द मी एकदा चुकीचा वापरला आहे. एका मुलाची लेव्हल होती. खालच्या मजल्यावर बटण, आणि त्याने उघडणारं जाळीचं दार पुढच्या खोलीच्या पार टोकाला. बटणावर पाय देऊन मी धावत सुटायची आणि पोचेपर्यंत दार सरकत खाली आलेलं असायचं. पंचवीस-तीस वेळा केलं. पावलं मोजली, उडी वाचवून पाहिली, वळण्यात जाणारा वेळ वाचवून पाहिला. शेवटी लिहून पाठवलं की ही खोली पार करणं अशक्य आहे, दार जवळ आणा. दोन दिवसांनी उत्तर आलं, अगदी नम्र: ‘ताई, वरच्या मजल्यावरच्या सैल फळीवरून धावून बघा.’ ती फळी बरोबर बटणाच्या डोक्यावर होती. तिच्यावर पाय पडला की ती निसटते, खालच्या बटणावर आदळून फुटते, आणि ढिगाऱ्याखाली बटण दाबलेलंच राहतं. दार मग कायमचं उघडं. मूळ खेळाचाच नियम आहे हा, मला माहीत होता, पण सैल फळी म्हणजे धोका एवढंच डोक्यात बसल्यामुळे मी प्रत्येक वेळी ती ओलांडून उडी मारत होते.

तेव्हापासून ‘अशक्य’ लिहिण्याआधी मी चार गोष्टी करून पाहते. त्या खोलीतली प्रत्येक सैल फळी पाडते. प्रत्येक बटणावर उभी राहून शेजारच्या खोल्यांत काय बदललं ते बघून येते. मजल्याच्या प्रत्येक काठाला लटकून खाली उतरून बघते. एक मजला पडलं तर काही होत नाही, दोन मजले पडलं तर एक जीव जातो, तीन मजल्यांवर खेळ आटोपतो, तेव्हा हिशोब करून. आणि शेवटी शेजारच्या नववीतल्या मुलाला बसवते. तो माझ्यापेक्षा धीट आहे, कुठेही उडी घेतो. मी मागे गप्प बसते, बोट दाखवत नाही. तो मागे वळून ‘मावशे, आता खंय जावचां?’ म्हणाला की ती खोली आणि घड्याळातली वेळ वहीत जाते. एकाच खोलीत आम्ही दोघंही अडकलो तर ती नोंद अभिप्रायात सगळ्यात वर.

दुसऱ्या खेपेला एडिटर उघडायचा. मी अ‍ॅपोप्लेक्सी वापरते. आता वहीतल्या खोल्यांना खरे नंबर द्या आणि खेळताना जाणवलेलं नकाशावर पडताळा. इथे मुख्यतः तीन ठिकाणी दोष सापडतात.

एक, खोल्यांची जोडणी. या खेळात प्रत्येक खोलीला डावी, उजवी, वरची, खालची शेजारीण कोण हे वेगवेगळं लिहिलेलं असतं. पाचव्या खोलीच्या उजवीकडे नववी लिहिली म्हणून नवव्याच्या डावीकडे पाचवी आपोआप येईलच असं नाही. कुणी मुद्दाम भूलभुलैया करायला असं करतं आणि ते झकास जमतं. बहुतेक वेळा मात्र विसरलेलं असतं. मुद्दाम आहे की चूक, हे करणाऱ्याला विचारा. स्वतः ठरवू नका.

दोन, परतीचा रस्ता बंद होणं. दार उघडणारं बटण असतं तसं दार धाडकन पाडणारंही असतं. तुम्ही पलीकडे गेलात, पाडणाऱ्या बटणावर पाय पडला, आणि उघडणारं बटण दाराच्या अलीकडे राहिलं, की संपलं. मरण येत नाही, पुढे जाता येत नाही, कंट्रोल-ए दाबून लेव्हल नव्याने सुरू करायची. यात साठ मिनिटांतली मिनिटं जळतात आणि माणूस खेळ बंद करून उठतो. मी नकाशावर असं प्रत्येक पाडणारं बटण आणि प्रत्येक सैल फळी शोधते आणि एकच प्रश्न विचारते: हे झाल्यावर बाहेर पडायला निदान एक वाट उरते का? निदान मरायला तरी? मरणसुद्धा सुटका असते, ते मी अभिप्रायात स्पष्ट लिहिते.

तीन, आणि हे नवख्यांना हमखास नडतं: मूळ खेळातल्या काही घटना लेव्हलच्या नंबराला बांधलेल्या आहेत. तिसऱ्या लेव्हलमध्ये सांगाडा उठतो, चौथ्यात आरसा येतो, पाचव्यात सावली येऊन औषधाची बाटली पिऊन जाते, सहाव्याचा शेवट खाली पडून सातव्यात जाण्याने होतो, आठव्यात उंदीर मदतीला येतो. तुम्ही सहाव्या नंबरावर आपली वेगळीच रचना मांडली आणि हे लक्षात ठेवलं नाही, तर भलत्या खोलीत भलतंच घडतं. एसडीएल-पॉपच्या सेटिंगच्या फाइलीतून यातलं बरंच बदलता येतं. पण मग ती लेव्हल मूळ डॉसच्या खेळात तशीच चालणार नाही, आणि हे सोबतच्या टिपणात लिहिलेलं हवं. लिहिलं नसेल तर माझ्या लेखी तो दोषच.

पहारेकऱ्यांवर मी फार वेळ घालवत नाही. एका खोलीत एकच असतो, कौशल्य ० ते ११पर्यंत देता येतं. पहिल्याच दोन लेव्हलमध्ये वरच्या अंकांचे ठेवले असतील तर लिहा, नाहीतर पुढे चला. वेळेचं मात्र बघा. स्पेस दाबलं की उरलेली मिनिटं दिसतात. प्रत्येक लेव्हलच्या आरंभी आणि शेवटी ती टिपून ठेवा. करणाऱ्याला स्वतःची वाट पाठ असते, त्यामुळे त्याचे साठ आणि आपले साठ यांत मोठं अंतर पडतं. तुमचे आकडे त्याला दुसऱ्या कुठून मिळणार नाहीत.

अवजारांवरही अभिप्राय लागतात, आणि ते लिहिणारे फारच थोडे. नवा एडिटर हाती आला की पहिली परीक्षा ही: लेव्हलच्या फाइलीची एक प्रत बाजूला ठेवायची. दुसरी एडिटरमध्ये उघडायची, काहीही न बदलता जतन करायची, आणि दोन्ही प्रती बाइट-बाइटने ताडून पाहायच्या. विंडोजमध्ये ‘एफसी’ ही आज्ञा ‘स्लॅश बी’ लावून दिली की फरक असलेल्या जागांची यादी समोर येते. काहीच न करता फाइल बदलत असेल तर कुठे आणि का, हे विचारायलाच हवं. मग एकच चौकट बदलून पुन्हा तेच. मग मुद्दाम चुकीचं करा: पहारेकरी भिंतीत ठेवा, बटणाला दारच जोडू नका. अवजार टोकतं, गप्प बसतं की बंद पडतं, ते लिहा. जुन्या फाइलीची प्रत आपोआप राखून ठेवतं का, हे आमच्याकडच्या पावसात फार महत्त्वाचं. जतन होत असतानाच वीज गेल्याने माझी एक अख्खी लेव्हल गेली आहे, चोवीसच्या चोवीस खोल्यांसह.

आता लिहायचं. वरती तुम्ही कशावर खेळलात ते: एसडीएल-पॉप की डॉसबॉक्स, कोणती आवृत्ती, सुधारणांची सेटिंग चालू होती की बंद. कारण जुन्या खेळातल्या एखाद्या खोडीवर लेव्हल उभी असेल आणि तुमच्याकडे ती खोडी दुरुस्त केलेली असेल, तर दोघंही भांडत बसाल आणि दोघंही खरे असाल. मग अडकलेल्या जागा, नंबरानिशी. ‘मधली खोली त्रासदायक आहे’ असं नाही. ‘खोली १४, खालचा मजला, डावीकडून सातवी चौकट. इथे सुळे आहेत, पण खोली ११मधून उडी घेताना ते दिसत नाहीत. सातपैकी पाच वेळा इथेच मेले.’ उपाय सुचवायचा असेल तर एकच सुचवा आणि तोही प्रश्नासारखा. लेव्हल त्याची आहे.

आवडलेलंही तितक्याच नेमकेपणाने लिहा. ‘खोली ३च्या खिडकीसारख्या फटीतून शेवटचं दार दिसतं आणि तिथे पोचायला पुढच्या वीस खोल्या लागतात, हे फार आवडलं’ असं वाचलं की करणारा पुढच्या आवृत्तीत ती खोली हलवत नाही. नाहीतर दुरुस्तीच्या भरात चांगलंही पुसलं जातं. असं झालेलं मी पाहिलं आहे आणि वाईट वाटलं आहे.

सोबत रिप्ले जोडा. एसडीएल-पॉपमध्ये कंट्रोल आणि टॅब दाबून आपलं खेळणं नोंदवता येतं. शंभर शब्दांत जे सांगता येत नाही ते तुमच्या अडखळत्या पावलांत त्याला दिसतं.

सुधारलेली आवृत्ती आली की जुनी पुसू नका, आणि ज्या खोलीवर बोललात तिथेच आधी जा. त्या फळीवाल्या मुलाने माझा ‘अशक्य’ मनावर घेतला होता, मी चुकीची असूनही. दार त्याने तसंच दूर ठेवलं. पण दोन खोल्या आधी एक नवी फळी घातली. अरुंद वाटेवर आहे, टाळताच येत नाही. ती पायाखालून निसटते, खालच्या बटणावर फुटते आणि शेजारचं दार डोळ्यांसमोर वर जाऊन वरच राहतं. शेजारच्या मुलाने ते पाहिलं, पुढच्या खोलीत गेला, मान वर करून फळीकडे बघितलं आणि वरच्या मजल्यावर चढायला लागला.